मालकी कुणाच्या नावावर?

सोलापूर जिल्ह्यातल्या गावांमधून बायकांच्या छोट्या उद्योगांसाठी अनुदानाचे प्रस्ताव तयार करून देणं हे माझं काम. आधी मी उमेद अभियानात प्रभाग समन्वयक होते. बचतगट बांधणं, ग्रामसंघाच्या बैठका, फिरता निधी, बँक जोडणी यातच दिवस जायचे. २०२० साली केंद्राची सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांची योजना आली. त्यानंतर त्या योजनेत जिल्हा संसाधन व्यक्ती म्हणून काम करायला लागले. कडक भाकरी, शेंगाचटणी, पापड, मसाले, डाळमिल अशी आमच्याकडची कामं. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमाची आणि राज्याच्या मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमाची चौकशी करायलाही लोक येतात, त्यांनाही जमेल ते सांगते.

इतक्या वर्षांत एक गोष्ट पक्की कळली. अनुदान बाईच्या नावावर मंजूर होतं, पण ते तिच्या हाती लागायचं तर तिच्या नावावर आधी दुसरं काहीतरी असावं लागतं. जागा असेल, मोबाइल नंबर असेल, स्वतः चालवलेलं बँक खातं असेल, विक्रीची वही असेल. शासन निर्णयात हे कुठं लिहिलेलं नाही. मी मात्र प्रत्येक फाइल याच नजरेनं बघते.

गटाच्या बैठकीत पहिला प्रश्न ठरलेला असतो. "ताई, माफ किती व्हतंय?" पस्तीस टक्के म्हटलं की सतरंजीवर चुळबुळ सुरू होते. मग मी फळ्यावर हिशेब मांडते. अन्नप्रक्रियेच्या योजनेत पात्र प्रकल्प खर्चाच्या ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाख रुपये मिळतात. समजा, प्रकल्प ६ लाखांचा आहे. किमान १० टक्के, म्हणजे ६० हजार, तिनं स्वतः घालायचे. उरलेले ५ लाख ४० हजार बँकेचं कर्ज. अनुदानाचे २ लाख १० हजार बँकेत येतात खरे, पण वेगळ्या खात्यात पडून राहतात. शेवटचा हप्ता उचलल्यापासून तीन वर्षांनी, युनिट चालू असेल आणि खातं थकीत नसेल, तरच ते कर्जात जमा होतात. तोवर बाईला दिसतो तो फक्त महिन्याचा हप्ता. एवढं ऐकून काही जणी पदर सावरून उठतात. मला त्याचं वाईट वाटत नाही. ज्या बसून राहतात त्यांच्याशी खरं बोलणं तिथून सुरू होतं.

मोहोळ तालुक्यातल्या एका बाईची फाइल मला कायम आठवते. ती शेंगाचटणी करायची. उखळात कुटून, हातानं. "मिक्सरला लावली की कोरडी ऱ्हाती, कुटली की तेल सुटतंय," हे तिनं मला पहिल्याच भेटीत सांगितलं आणि बोट बुडवून दाखवलं. सोलापुरातली दोन दुकानं तिचा माल घेत होती आणि आणखी मागत होती. कांडप मशीन, भाजणी यंत्र आणि पाकिटं सील करायचं छोटं मशीन एवढीच तिची मागणी. ग्राहक हाताशी, काम अंगवळणी. प्रस्तावात लिहायला काही अवघडच नव्हतं. अडलं ते जागेवर. घर सासऱ्यांच्या नावावर. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ ला, म्हणजे घराच्या उताऱ्यावर, त्यांचं नाव, सुनेचं कुठंच काही नाही. बँकेला हवं होतं संमतीपत्र किंवा भाडेकरार, आणि सासरे सही करायला तयार नव्हते.

त्यांचा दोष नव्हता. तरुणपणी ते सोसायटीच्या कर्जाला कुणासाठी तरी जामीन राहिले होते आणि त्यापायी त्यांना बैलजोडी विकावी लागली होती. कागद म्हटला की त्यांना ती बैलं आठवायची. "घर जप्त व्हतंय का, एवढंच सांगा," म्हणाले. मी संमतीपत्र शब्द न शब्द वाचून दाखवलं. लघुउद्योगाच्या ठरावीक रकमेपर्यंतच्या कर्जाला बँकेनं तारण मागू नये असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, हेही सांगितलं. पटलं नाही. शेवटी सासूबाई मधे पडल्या. चुलीपुढून उठल्याही नाहीत. म्हणाल्या, "दोन वर्षं घरातला किराणा तिच्या चटणीवर येतोय. तवा इचारलं व्हतं का कुणाला?" दुसऱ्या दिवशी सासऱ्यांनी सही केली.

हाच प्रश्न सांगोल्याकडच्या एका घरात पाच मिनिटांत सुटलेला मी पाहिला. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं लक्ष्मीमुक्तीची हाक दिली होती, शेताचा एक तुकडा बायकोच्या नावावर करा म्हणून. त्या काळात या घरातल्या आजोबांनी वीस गुंठे आजींच्या नावावर केले होते. आजोबा आता नाहीत. नातसुनेला पापडाच्या युनिटसाठी शेड घालायची होती आणि जागेचं विचारलं तेव्हा आजीबाईंनी पेटीतून सात-बारा काढून माझ्या हातात दिला. "माझं हाय, मी देते." तीस-पस्तीस वर्षांपूर्वीच्या एका नोंदीनं आजच्या अनुदानाची वाट मोकळी केली. जागेसाठीची सही मिळवायला दुसऱ्या घरांत किती आर्जवं करावी लागतात हे बघितलेलं असल्यानं मला त्या सात-बाऱ्याचं फार मोल वाटलं.

जागेनंतर नाव. आधारवर सासरचं नाव, पॅनवर माहेरचं, शाळेच्या दाखल्यावर तिसरंच, कारण लग्नात पाळण्यातलं नावही बदललेलं. मग प्रतिज्ञापत्र, राजपत्र, तालुक्याला खेटे. पुरुषाच्या फाइलमध्ये हा अडथळा मी क्वचितच पाहिला. पुढं मोबाइल. उद्यम नोंदणी मोफत आहे, आधारवर होते, दहा मिनिटांचं काम. पण ओटीपी जातो आधारला जोडलेल्या नंबरवर आणि तो नंबर असतो नवऱ्याचा किंवा मुलाचा. नवरा उसाच्या रानात, मुलगा पुण्याला. बाई समोर बसलेली, संगणक चालू, आणि आम्ही वाट बघतोय. आता कुणीही भेटायला आली की आधी तिला स्वतःचा नंबर आधारला जोडायला पाठवते. त्यानंतर बँकेचे संदेश तिच्या फोनवर येतात, हप्ता कधी कापला हे तिला कुणी सांगावं लागत नाही. यानं इतका फरक पडेल असं मला सुरुवातीला वाटलं नव्हतं.

आता ज्या घटनेनं माझी काम करायची रीत बदलली ती सांगते. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात ग्रामीण भागात सर्वसाधारण गटातल्या पुरुषाला २५ टक्के अनुदान आहे आणि स्वतःचे १० टक्के घालावे लागतात. बाईला ३५ टक्के, आणि स्वतःचे फक्त ५ टक्के. दहा लाखांच्या प्रकल्पाला बाईचं नाव लावलं की एक लाख अनुदान जास्त, पन्नास हजार पदरचे कमी. हेतू चांगला आहे. पण घराघरांत हा हिशेब पुरुष करतात आणि अर्ज बायकोच्या नावानं भरतात.

अशीच एक फाइल भरली गेली होती, माझ्याकडून नव्हे, एका एजंटाकडून. ती बाई माझ्याकडे आली तेव्हा सगळं होऊन गेलं होतं. नवऱ्यानं पत्रावळी आणि द्रोण करायच्या मशीनचं भलंमोठं कोटेशन आणलं होतं. कर्ज मंजूर झालं, मशीन आलं, काही महिने चाललं. कच्चा माल लांबून आणावा लागायचा, तो परवडेना. मशीन ताडपत्रीखाली गेलं. नवऱ्यानं दुसरा धंदा धरला. खातं थकलं. पडताळणीला लोक आले तेव्हा युनिट बंद होतं, म्हणजे अनुदानही हातचं गेलं. बँकेची नोटीस आली ती तिच्या नावानं. तिला कोटेशनची रक्कम माहीत नव्हती, सह्या कुठं कुठं केल्या हे माहीत नव्हतं, पासबुक तिनं कधी उघडून पाहिलं नव्हतं. तिचा सिबिल, म्हणजे कर्जफेडीचा गुणांक, खराब झाला होता. तिला स्वतःला शिवणकाम येत होतं, गावात मागणीही होती, आणि दोन शिवणयंत्रांसाठी तिला साधं पन्नास हजारांचं कर्ज हवं होतं. तेवढ्यासाठी ती माझ्याकडे आली होती. कुठलीच बँक द्यायला तयार नव्हती.

महिला उद्योजकांच्या यादीत तिचं नाव तेव्हा होतं. मंजूर प्रकरणांच्या आकड्यातही होतं.

त्या दिवसापासून मी एक पथ्य पाळते. प्रस्ताव करायच्या आधी बाईला एकटीला भेटते. नवरा सोबत आला तर त्याला चहा देते, बसवते, आणि तिला घेऊन जिथं काम चालतं तिथं जाते. कच्चा माल कुठून आणता, किलोमागं किती सुटतात, उधारी कुणाकडं आहे, हे तिला विचारते. उत्तरं तिच्याकडून आली तर पुढं जायचं. नवऱ्याकडं बघून आली तर थांबायचं. काही नवऱ्यांना याचा राग येतो. काही जण मात्र खरोखर बायकोच्या धंद्यात राबतात, माल पोचवतात, मशीन दुरुस्त करतात, आणि त्यांना बाजूला बसायला काहीच वाटत नाही. त्या फरकावरूनही बरंच कळतं.

बँकेत मात्र उलटं घडतं, तिथं बाईऐवजी नवऱ्याबद्दल विचारतात. एका शाखेत अर्जदार बाई खुर्चीवर बसलेली असताना अधिकाऱ्यांनी मला विचारलं, "यांचे मिस्टर काय करतात?" ती मंगळवेढ्याजवळची कडक भाकरी करणारी बाई होती. मी उत्तर द्यायच्या आधी तीच बोलायला लागली. मालदांडी ज्वारी कुठल्या शेतकऱ्याकडून घेते, सुगीत काय भाव असतो आणि दिवाळीनंतर काय होतो, एका किलोत किती भाकरी बसतात, पुण्याच्या गाडीत पार्सल टाकलं की त्यातल्या किती मोडतात, आणि ती मोड कमी करायला खोका कसा भरायचा. भोगीच्या आठवड्यात बाजरीची भाकरी वर्षभरात सर्वांत जास्त जाते, त्या वेळी तिला शेजारच्या चौघी कामाला लागतात. अधिकारी लिहून घ्यायला लागले. काही दिवसांनी ते स्वतः तिच्या गावी गेले, ज्वारीच्या कणग्या पाहून आले. कर्ज मंजूर झालं.

सगळीकडं असं होत नाही. चांगली ओळख झालेला अधिकारी बदलून जातो आणि नवा माणूस फाइल पुन्हा पहिल्या पानापासून वाचायला घेतो. तारण मागू नये असा नियम असतानाही तोंडी तारण मागितलं जातं, लेखी कुणी देत नाही. अर्ज "प्रलंबित" या रकान्यात महिनोन्‌महिने बसून राहतो आणि मार्चमध्ये उद्दिष्ट पुरं करायची घाई सुटते. बँकेची बाजूही मी समजून घेतली आहे. ताडपत्रीखालच्या मशीनचं कर्ज त्यांनाही पाठीवर घ्यावं लागतं. पण एका घरातल्या पुरुषानं बुडवलेल्या कर्जाची शिक्षा पुढच्या दहा बायकांना मिळते, हे मला कधीच मान्य झालेलं नाही.

सिबिलचा आणखी एक घोळ आहे. गावोगाव मायक्रोफायनान्सवाले आठवड्याचा हप्ता गोळा करतात. कर्ज चटकन मिळतं, घरपोच मिळतं, म्हणून बायका घेतात. अनेकदा जावेसाठी किंवा शेजारणीसाठी आपल्या नावावर उचलून देतात. शेजारीण गाव सोडून जाते आणि थकबाकी हिच्या नावावर उरते. अनुदानाच्या अर्जाच्या वेळी ते उघडकीला येतं. म्हणून गटाच्या बैठकीत मी पुन्हा पुन्हा सांगते, मैत्रिणीला पीठ द्या, पैसे द्या, नाव देऊ नका.

अन्नप्रक्रियेच्या योजनेतली एक उणीव मात्र मला फार जाणवते. अनुदानाचा सगळा ओढा मशीनकडं आहे. जागेची किंमत प्रकल्पात धरत नाहीत, बांधकामाला ३० टक्क्यांची मर्यादा, ते ठीक आहे. पण भाकरी करणाऱ्या बाईला मशीनइतकीच ज्वारी लागते. रब्बीची ज्वारी फेब्रुवारी-मार्चमध्ये निघते. तेव्हा वर्षाची भरून ठेवली तर धंदा नफ्यात राहतो. महिन्याच्या महिन्याला दुकानातून घेतली तर नफा दुकानदाराचा. यासाठी हाती रोख लागते आणि तीच नसते. वाढलेल्या भावानं ज्वारी घ्यावी लागली म्हणून चालू मशीन बंद ठेवणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत.

म्हणूनच त्याच योजनेतलं बीज भांडवल मला ३५ टक्क्यांपेक्षा जास्त मोलाचं वाटतं. त्याच्याबद्दल लोक कमी बोलतात. बचतगटात अन्नप्रक्रियेचं काम करणाऱ्या सदस्याला खेळत्या भांडवलासाठी आणि लहानसहान अवजारांसाठी ४० हजारांपर्यंत रक्कम मिळते. ती थेट तिला मिळत नाही. गटांच्या संघाकडं येते, तिथून तिला कर्ज म्हणून. तिनं फेडली की दुसरीला. उत्तर सोलापूर तालुक्यातल्या एका गटानं या पैशात सुगीत एकत्र ज्वारी घेतली, एकीच्याच कोठीत ठेवली, आणि जिला जेवढी लागेल तेवढी तिच्या नावावर लिहून दिली. वही त्यांची, कुलूप त्यांचं, किल्ली आळीपाळीनं. नवऱ्याची सही नाही, सासऱ्याचं संमतीपत्र नाही. एवढी कमी खटपट करून एवढं टिकाऊ काम झालेलं मी दुसरं पाहिलेलं नाही. अशा कोठ्या गावोगाव झाल्या तर मला फार आनंद होईल.

विजेचं थोडक्यात सांगते. मोठ्या कांडप मशीनला थ्री फेज लागते, घरात सिंगल फेज असते. नवीन जोडणीची अनामत, खांबापासूनचं अंतर, वेगळं मीटर, हे सगळं प्रकल्प अहवालात आधीच धरा. मशीन येऊन पडलं आणि वीज नाही, तरी कर्जाचा हप्ता थांबत नाही.

माझ्या मोबदल्याबद्दलही बोलायला हवं, कारण लोकांच्या मनात शंका असते. जिल्हा संसाधन व्यक्तीला सरकार कर्ज मंजूर झालेल्या प्रत्येक प्रकरणामागं २० हजार देतं. निम्मे मंजुरीनंतर, निम्मे नोंदण्या, प्रशिक्षण आणि उभारणी पुरी झाल्यावर. लाभार्थी बाईनं मला एक रुपयाही द्यायचा नसतो. पण या पद्धतीत एक ओढ आहे. जिची कागदपत्रं तयार आहेत, जिच्या घरी जागेचा वाद नाही, तिची फाइल लवकर होते. विधवा, परित्यक्ता, भाड्याच्या खोलीत राहणारी, नाव जुळत नसलेली बाई, यांच्या फाइलला दसपट वेळ लागतो आणि मोबदला तेवढाच. आमच्यातले बरेच जण सोप्या फाइलींकडं वळतात आणि त्यांना मी नावं ठेवणार नाही, पोट सगळ्यांना आहे. पण अवघड फाइलला जास्त मोबदला ठेवला पाहिजे, असं मी प्रत्येक आढावा बैठकीत म्हणते आणि म्हणत राहीन. ज्या बाईसाठी ही योजना सर्वांत जास्त हवी, तिच्यापर्यंत पोचणं सर्वांत तोट्याचं असता कामा नये.

एजंटांपासून सावध राहा. "फाइल करून देतो, अनुदानातले दहा टक्के माझे" असं म्हणणारा माणूस प्रत्येक तालुक्याच्या ठिकाणी भेटतो. या योजनांचे अर्ज ऑनलाइन आणि विनाशुल्क आहेत. छोट्या घरगुती अन्न व्यवसायाची एफएसएसएआय नोंदणीही अगदी थोड्या शुल्कात होते. कृषी विभागाच्या तालुका कार्यालयात किंवा जिल्हा उद्योग केंद्रात सरळ जाऊन विचारा. कुणी उद्या या म्हटलं तर उद्या पुन्हा जा.

आणि हे वाचणाऱ्या प्रत्येकाला, विशेषतः घरातल्या कर्त्या पुरुषांना, माझी एक विनंती आहे. गावातल्या घराच्या नमुना ८ वर पतीबरोबर पत्नीचंही नाव लावता येतं, तसा शासनाचा निर्णय जुना आहे. त्यासाठी कुठलाही उद्योग, कुठलंही कर्ज, कुठलीही योजना लागत नाही. तुमच्या घराचा उतारा काढून बघा. त्यावर फक्त एकच नाव असेल, तर या महिन्यात ग्रामपंचायतीत अर्ज करा. पुढं तुमच्या घरातल्या बाईला किंवा सुनेला कधी चटणीचं मशीन घ्यावंसं वाटलं, तर तिला सहीसाठी इतकी आर्जवं करावी लागणार नाहीत.